‘मला कोडिंग जमंना झालंय’ या वाक्यात काय काय दडलेलं असतं

बेळगावात बीसीएला किंवा इंजिनिअरिंगला असलेल्या मुलामुलींशी पहिल्या वर्षाच्या पहिल्या परीक्षेनंतर बोललं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. “सर, मला कोडिंग जमंना झालंय ओ. बाकीच्यांना सगळं येतंय, मलाच येईना.” बोलणारा वडगावचा असो, येळ्ळूरची असो की रोज खानापूरहून बस धरून येणारा असो, शब्द जवळजवळ तेच असतात. मी याच शहरात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि शिकणाऱ्यांसोबत बराच वेळ बसतो, म्हणून हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. त्यावर “होईल रे, धीर सोडू नको” म्हणून मोकळं होता येतं. पण तेवढ्यानं भागत नाही. त्या एका वाक्यात अनेक वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. काही मेंदूच्या क्षमतेच्या असतात, काही भाषेच्या, काही शिकण्याच्या सवयीच्या आणि काही थेट घरच्या पैशाच्या. प्रत्येकीचं कारण वेगळं असतं आणि उपायही. सगळ्यांचा एकच गोळा करून त्याला “माझी लायकी नाही” असं नाव दिलं, की कशालाच हात घालता येत नाही.

आधी ‘बाकीच्यांना सगळं येतंय’ हे तपासून बघू. बेनेडसेन आणि कॅस्परसन या दोन डॅनिश प्राध्यापकांनी २००७ मध्ये जगभरातल्या विद्यापीठांकडून प्रोग्रामिंगच्या पहिल्या विषयाचे निकाल मागवले. उत्तीर्ण होणाऱ्यांचं सरासरी प्रमाण ६७ टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे तीनातला एक जण पहिल्या फेरीत हा विषय काढू शकत नाही, आणि यात युरोप-अमेरिकेतली विद्यापीठंही आहेत. दुसरा समज याहून खोलवर रुजलेला आहे: काहींना कोडिंग जन्मजात येतं, काहींना कधीच येत नाही. हे खरं असतं तर वर्गाच्या गुणांत दोन वेगळे ढीग दिसायला हवे होते, एक वरचा आणि एक खालचा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सायन्सच्या ७७८ निकालपत्रकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. असे एकाहून जास्त ढीग असण्याची शक्यता त्यातल्या फक्त ५.८ टक्के निकालांत दिसली. बाकी ठिकाणी गुण इतर कुठल्याही विषयासारखेच पसरलेले होते. गणितात किंवा इतिहासात असतात तसे थोडे वर, थोडे खाली, बरेचसे मधे.

तरीही शिकणाऱ्याला जे वाटतं ते खोटं नसतं. पहिले काही महिने खरोखर फार कठीण जातात, आणि का जातात ते समजून घेण्यासारखं आहे.

डोक्यात एका वेळी मावतं किती

माणूस एका क्षणी मनात किती सुट्या गोष्टी धरून ठेवू शकतो, यावर जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचं उत्तर होतं सात, दोन कमी किंवा दोन जास्त. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी बरेच प्रयोग तपासून हा आकडा चारच्या आसपास आणला. हुशार माणसाचंही काम एवढ्याशाच जागेत चालतं.

आता प्रत्येक लॅबमध्ये येणारा तो चांदण्यांचा (* या चिन्हांचा) त्रिकोण घ्या. पहिल्या ओळीत एक चांदणी, दुसरीत दोन, असं पाच ओळींपर्यंत. नवख्याला यात बाहेरच्या लूपचा (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या भागाचा) आकडा धरायचा असतो, आतल्या लूपचा धरायचा असतो, आतला लूप कुठे थांबतो ते धरायचं असतं, नवी ओळ कुठं सुरू करायची ते धरायचं असतं, शिवाय सेमिकोलन, कंस आणि “लूप शून्यापासून की एकपासून?” हा प्रश्न. चार जागा कधीच भरून गेल्या. पाचवी गोष्ट आत आली की पहिली निसटते, आणि मुलगा स्क्रीनकडे बघत बसतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं त्याला समजत नाही. त्यालाही तसंच वाटतं. खरं तर त्याला प्रत्येक गोष्ट सुटी सुटी समजलेली असते, पण एकदम मावत नसते.

मग वरच्या वर्गातल्या मुलाला ते दोन मिनिटांत कसं जमतं? याचं उत्तर बुद्धिबळाच्या एका प्रयोगात आहे. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना पाच सेकंद पट दाखवला आणि सोंगट्या आठवून मांडायला सांगितल्या. खऱ्या डावातली मांडणी असली की पट्टीचा खेळाडू नवख्यापेक्षा कितीतरी जास्त सोंगट्या बरोबर मांडायचा. सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या की त्याची आघाडी जवळजवळ संपायची. म्हणजे त्याची स्मरणशक्ती आपल्यासारखीच होती. हजारो डाव पाहिल्यामुळे त्याला सहा सोंगट्यांचा समूह एकच गोष्ट म्हणून दिसत होता, इतकंच. प्रोग्रामचंही हेच आहे. सरावलेला माणूस त्रिकोण बघतो आणि मनात “एकात एक दोन लूप” एवढी एकच गोष्ट धरतो. उरलेल्या तीन जागा त्याला विचार करायला मोकळ्या असतात.

यातून दोन व्यवहाराच्या गोष्टी निघतात. पहिली, कागद वापरा. प्रत्येक व्हेरिएबलमागे (किंमत साठवणाऱ्या नावामागे) एक रकाना आखायचा आणि प्रोग्राम ओळीओळीनं स्वतः चालवून बघायचा. प्रत्येक ओळीनंतर किंमत काय झाली ते लिहायचं. असं करणं कच्चेपणाचं लक्षण आहे असं मुलांना उगाच वाटतं. कागदावर उतरलेली गोष्ट डोक्यातली जागा मोकळी करते, म्हणून तो कागद हवा. दुसरी, सुरुवातीलाच रिकाम्या स्क्रीनशी झुंजू नका. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणित शिकणाऱ्यांवर प्रयोग केले. सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासणाऱ्या मुलांना पुढची तशीच गणितं लवकर आणि कमी चुकांत सुटली, सुरुवातीपासून एकट्यानं झगडणाऱ्यांना तेवढी नाही. तेव्हा चालणारा प्रोग्राम घ्या, तो कागदावर चालवा, मग त्यातली एकच गोष्ट बदला: पाच ओळींऐवजी सात, उलटा त्रिकोण, चांदणीऐवजी आकडे. यात फसवणूक कुठलीही नाही.

जाता जाता एक छोटी गोष्ट. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं ‘क्ष = क्ष + १’ या ओळीशी अडतात. बीजगणितात हे समीकरण अशक्य आहे, आणि त्यांना ते खटकतं हे बरोबरच आहे. प्रोग्रामिंगमध्ये ‘=’ हे चिन्ह समानता सांगत नाही. उजवीकडचं गणित करून उत्तर डावीकडच्या नावाखाली ठेव, असा तो हुकूम आहे. कुणी हे स्पष्ट सांगितलं नाही, की चांगल्या मुलाला आठवडाभर आपण मठ्ठ आहोत असं वाटत राहतं.

इंग्रजीचं जादा ओझं

आपल्या भागातल्या मुलांबाबत मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते इथं.

मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलगी पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेते आणि एका उन्हाळ्यात सगळं शास्त्र इंग्रजीत जातं. घरात मराठी, बसमध्ये आणि सरकारी कचेरीत कन्नड, लॅबमध्ये इंग्रजी. तीन भाषांत रोज वावरणं ही मोठी कमाई आहे, हे तिला कुणी सांगत नाही. तिला एवढंच दिसतं, की शेजारच्या बाकावरचा इंग्रजी शाळेतून आलेला मुलगा प्रश्न वाचून लगेच टाईप करायला लागतो आणि आपण अजून प्रश्नाच्या दुसऱ्या ओळीवर आहोत. त्या चार जागांचा हिशोब आठवा. प्रश्नाचं इंग्रजी उलगडण्यातच तिची एखादी जागा, कधी दोन जागा, अडकलेल्या असतात. ती दोन कामं करते आहे, शेजारचा एक. त्याचा वेग आणि आपला वेग यांची तुलना करून ती निष्कर्ष काढते, “तो हुशार आहे, मी नाही.” हा निष्कर्ष सरळ चुकीचा आहे, आणि या भागातली कितीतरी चांगली मुलं त्यापायी हा विषय सोडून देतात म्हणून मला त्याचा राग येतो.

ही अडचण फक्त आपली नाही. फिलिप ग्वो या संशोधकानं २०१८ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्या, ८६ देशांतल्या ८४० शिकणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. अडचणी त्याच निघाल्या: शिकवणीचं साहित्य वाचणं, तांत्रिक गोष्ट दुसऱ्याशी बोलणं, कोड वाचणं-लिहिणं, आणि इंग्रजी व प्रोग्रामिंग एकाच वेळी शिकावं लागणं.

उपाय काय? आधी या ओझ्याचं खरं माप घ्या. सी या प्रोग्रामिंग भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित आवृत्तीत राखीव शब्द (भाषेनं स्वतःच्या कामासाठी ठेवलेले) आहेत अवघे ३२. त्या शब्दांत कविता करायची नसते. एरर मेसेजमध्ये येणारं इंग्रजीही पुन्हा पुन्हा तेच असतं: अनडिफाइन्ड, एक्स्पेक्टेड, मिसिंग, इनव्हॅलिड, अनएक्स्पेक्टेड, नॉट फाउंड. एका वहीत असे शब्द मराठी अर्थासकट आणि तो एरर कुठल्या चुकीमुळं आला त्यासकट लिहीत गेलं, तर एका सेमिस्टरमध्ये नव्या शब्दांची आवक खूपच कमी झालेली दिसते. ही वही बाजारातल्या कुठल्याही गाइडपेक्षा उपयोगी पडते, कारण त्यात आपल्याच चुका असतात.

दुसरं, प्रश्न आधी मराठीत मांडा. काय दिलंय, काय हवंय, मधे कुठल्या पायऱ्या. “यादीतला पहिला आकडा सर्वांत मोठा धर. पुढचा त्याहून मोठा असला तर तो धर. यादी संपली की सांग.” हे झालं अल्गोरिदम. याला इंग्रजी लागलं नाही. नंतर प्रत्येक वाक्य कोडमध्ये उतरवायचं. काही शिक्षक याला हरकत घेतात, म्हणतात इंग्रजीतच विचार करायची सवय लागू दे. मला ते पटत नाही. एका वेळी एकच अडचण सोडवावी. कॉमेंट (कोडमध्ये माणसासाठी लिहिलेली टीप) मराठीत लिहिली तर कॉम्प्युटर अडत नाही, पायथन ३ या भाषेत तर व्हेरिएबलला देवनागरी नावही चालतं. शिकताना खुशाल वापरा. टीममध्ये काम करायला लागल्यावर मात्र इंग्रजी नावं हवीत, कारण दुसऱ्याला तो कोड वाचायचा असतो. त्यासाठी इंग्रजी वाचनही हळूहळू वाढवायला लागेल, त्याला पर्याय नाही. पण तो वेगळा अभ्यास आहे, त्याला वेगळा वेळ द्या.

समजल्यासारखं वाटणं आणि समजणं

यूट्यूबवर दोन तासांचा व्हिडिओ बघितला, सगळं कळलं, मग रिकामी फाइल उघडली आणि एक ओळ सुचेना. यानंतर येणारी निराशा फार वाईट असते. “इतकं सोपं होतं, तरी मला येत नाही.”

यातला दोष बघण्याच्या पद्धतीत आहे. समोर दिसणारी गोष्ट ओळखणं आणि ती स्वतः आठवून लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिल्यामुळं दुसरं येतं असं आपल्याला वाटत राहतं. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी वाचल्यावर झाकून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. हार्वर्डमध्ये २०१९ साली याहून बोलका प्रयोग झाला. भौतिकशास्त्राच्या एका वर्गाला उत्तम व्याख्यान दिलं, दुसऱ्याला गटात बसून प्रश्न सोडवायला लावले. प्रश्न सोडवणारे जास्त शिकले, चाचणीत ते दिसलं. पण “आज किती शिकलात?” असं विचारल्यावर त्यांनीच कमी सांगितलं. झगडताना आपण शिकत नाही असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच शिकणं चालू असतं. म्हणून आत्मशंकेला मी मापक मानत नाही. ती दिवसाच्या शेवटी बहुतेक वेळा उलटं सांगते.

एआयच्या बाबतीतही हाच धोका आहे. तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार मुलांना गणिताच्या सरावासाठी चॅटबॉट देण्यात आला. सराव करताना त्यांचे गुण खूप वाढले. मग तो काढून परीक्षा घेतली, तर ज्यांना बॉट थेट उत्तरं देत होता त्यांना, ज्यांच्याकडे तो कधीच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्के कमी गुण मिळाले. फक्त इशारे देणारा बॉट वापरणाऱ्यांचं असं नुकसान झालं नाही. तेव्हा त्याला “प्रोग्राम लिहून दे” म्हणू नका. “मी कुठं चुकलोय त्याचा एकच इशारा दे, उत्तर देऊ नकोस” असं सांगा. मराठीत सांगितलं तरी त्याला समजतं.

व्हिडिओ बघायचा तर दहा मिनिटांनी थांबवा, बंद करा, आत्ता बघितलेलं स्वतः लिहून बघा. अडलं की परत जा. दोन तासांच्या व्हिडिओला यात दोन दिवस लागतील. लागू देत.

लाल अक्षरं

केंब्रिजचे मॉरिस विल्क्स हे कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी. त्यांचं एडसॅक यंत्र मे १९४९ मध्ये सुरू झालं. आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे, हे त्या वर्षी एके दिवशी जिना चढताना आपल्याला पूर्ण जाणवलं, असं त्यांनी पुढे आठवणींत लिहिलं. तेव्हापासून आजपर्यंत यात फारसा बदल झालेला नाही. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं, कारण ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांच्या जागेत बसवायचा प्रयत्न सॉफ्टवेअरनं केला. ते लिहिणारे जगातले उत्तम इंजिनिअर होते. डोनाल्ड कनुथ यांच्यासारखा ज्येष्ठ संगणकशास्त्रज्ञ आपल्या पुस्तकांतली चूक दाखवणाऱ्याला २००८ पर्यंत २.५६ डॉलरचा चेक देत असे. चुका होणारच हे धरून चालणारे लोक या क्षेत्रात सर्वांत वर पोचलेले दिसतात.

वडगाव-शहापूरच्या विणकर घरांतल्या मुलांना हे मी एका वेगळ्या तऱ्हेनं सांगतो. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. तशी सोय मुद्दामच केलेली असते, नाहीतर पुढचं सगळं कापड वाया जाईल. माग थांबला म्हणून कुणी विणकराला नालायक म्हणत नाही. तो उठतो, तुटलेली जागा शोधतो, धागा जोडतो, माग चालू करतो. दिवसातून कितीही वेळा. कंपायलर, म्हणजे आपला कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, थांबतो तोही याचसाठी.

जागा शोधायची रीत मात्र शिकावी लागते, आणि ती फारसं कुणी शिकवत नाही. सी मध्ये एका सेमिकोलनपायी वीस एरर येतात, तेव्हा फक्त सर्वांत वरचा बघायचा, तो दुरुस्त करून पुन्हा चालवायचा, बाकीचे बहुतेक आपोआप जातात. पायथनमध्ये उलट, सर्वांत खालची ओळ आधी वाचायची, खरं कारण तिथं असतं. जावामध्ये सुरुवात वरून. “लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज” म्हणजे पाच गुणांच्या यादीत क्रमांक शून्य ते चार असताना तुम्ही पाच नंबरचा मागितलात. ज्याला ही लाल अक्षरं, म्हणजे एरर मेसेज, वाचता येतात त्याची भीती निम्मी होते, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

‘इम्पोस्टर सिंड्रोम’ हा शब्द आता आपल्याकडच्या मुलांच्या तोंडीही आलाय, म्हणून त्याबद्दल दोन वाक्यं. पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स यांनी १९७८ मध्ये ही कल्पना मांडली ती कर्तबगार स्त्रियांवरून, ज्यांच्याकडे पदव्या आणि यश असूनही आपण लोकांना फसवतोय असं त्यांना वाटत होतं. तो आजार नाही. आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला तो शब्द लागूही पडत नाही, असं माझं मत आहे. त्याला अजून येत नाही आणि ते त्याला कळतंय. यात कसलाही गैरसमज नाही. त्याला “तू भारीच आहेस” असं सांगून काही मिळत नाही, पुढची पायरी दाखवली की मिळतं.

प्लेसमेंटचं वर्ष

शेवटच्या वर्षाचा दबाव वेगळ्या जातीचा असतो. उद्यमबागच्या फाउंड्रीत राबणारे वडील, निपाणीतल्या आत्याचा दर रविवारी फोन, “कॅम्पस लागला काय?” हा गल्लीतला प्रश्न, आणि पुण्याला की बंगळुरूला हा घरातला वाद. लिंक्डइनवर वर्गमित्रांच्या ऑफर लेटरचे फोटो. तिथं नकाराची पत्रं कुणी टाकत नाही एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मुलाखतीबद्दल एक अभ्यास प्रत्येकाला माहीत असायला हवा. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांना एकच प्रकारचा प्रश्न दिला. अर्ध्यांनी तो मुलाखत घेणाऱ्यासमोर बोर्डवर सोडवला, अर्ध्यांनी बंद खोलीत एकट्यानं. कुणीतरी बघतंय एवढ्या एका कारणानं कामगिरी निम्म्याहून खाली आली. समोर सोडवणाऱ्या मुलींपैकी एकीलाही तो सुटला नाही, एकांतात सोडवणाऱ्या सगळ्या मुलींना सुटला. मुलींची संख्या थोडी होती, पण फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. काळजी स्वतःच त्या चार जागांतली एखादी जागा अडवून बसते. त्यामुळे मुलाखतीत गडबडलात तर त्यातून तुमच्या प्रोग्रामिंगबद्दल फारच थोडं कळतं. चारचौघांसमोर विचार करण्याचा सराव नव्हता, हे मात्र नक्की कळतं, आणि तो सराव करता येतो. दोघा-तिघांनी मिळून आळीपाळीनं एकानं प्रश्न विचारायचा, दुसऱ्यानं बोलत बोलत सोडवायचा, आधी मराठीत, सवय झाली की इंग्रजीत. प्रत्यक्ष मुलाखतीत “एक मिनिट विचार करून बोलतो” असं म्हणायला काही हरकत नसते.

परीक्षेआधी दहा मिनिटं आपली काळजी कागदावर लिहून काढा म्हणजे गुण वाढतात, असा सल्ला इंटरनेटवर सारखा दिसतो. त्यामागं २०११ चा एक प्रयोग आहे, पण २०१८ मध्ये तो पुन्हा करून बघितल्यावर तसा परिणाम आढळला नाही. लिहून बरं वाटत असेल तर जरूर लिहा, भिस्त मात्र सरावावर ठेवा.

झोपेबद्दल मात्र शंका नको. ४५ विद्यार्थ्यांवरच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक रात्र जागलेल्यांच्या कोडची गुणवत्ता निम्म्यावर आली. टेस्टच्या आदल्या रात्री जागून दहा प्रश्न जास्त बघितले, आणि सकाळी येणारेही सुटले नाहीत, की त्याचाही दोष मुलं आपल्या बुद्धीला देतात.

पैशाची भीती मोघम ठेवू नका. कर्जाचं मंजुरीपत्र काढा आणि वडिलांसोबत बसून वाचा. बहुतेक शैक्षणिक कर्जांत अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही, व्याज मात्र चढत असतं. तुमच्या कर्जाचा हप्ता किती आणि कुठल्या महिन्यापासून, हे दोन आकडे कागदावर आले की किती महिने हातात आहेत ते कळतं. त्या महिन्यांचं नियोजन करता येतं. नुसत्या “कर्ज डोक्यावर आहे” या विचाराचं काहीच करता येत नाही.

आणि एक गोष्ट अभ्यासाच्या पलीकडची. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नाही, जेवण जात नाही, आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागत नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात, तर याला अभ्यासाचं टेन्शन म्हणून बाजूला सारू नका. जिवाबद्दलचा विचार आला तर दोन आठवडे थांबायचंही नाही. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला तर डिमहान्स ही यासाठीच असलेली सरकारी संस्था आहे. पोटदुखीला डॉक्टरकडे जातो तसं जायचं, घरच्यांनी सोबत जायचं.

घरच्यांनी काय करायचं

आईवडिलांना वाटतं, आम्हाला यातलं काही कळत नाही, आम्ही काय मदत करणार. उलट, न कळणारा माणूस इथं फार कामाचा असतो. रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२ मध्ये लोकांना शिवणयंत्र, कुलूप अशा वस्तू तुम्हाला किती समजतात ते विचारलं. लोकांनी भरपूर समजतं म्हणून सांगितलं. मग त्यांना पायरीपायरीनं समजावून सांगायला लावलं, तेव्हा आपल्याला किती कमी माहीत आहे ते त्यांचं त्यांनाच कळलं. शिकणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं: ‘मला काहीच येत नाही’ या धूसर भावनेऐवजी ‘मला ही एक पायरी येत नाही’ असा ठाम पत्ता.

तेव्हा “नोकरीचं काय झालं?” याऐवजी आठवड्यातून एकदा “काय बनवलंस ते दाखव बघू” म्हणा. मुलीनं लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसावं आणि आपला प्रोग्राम आईला मराठीत सांगावा, एकही इंग्रजी शब्द न वापरता, निदान तसा प्रयत्न करत. आईनं फक्त “मग पुढं काय होतंय?” आणि “असं का?” एवढंच विचारत राहायचं. सांगताना ती जिथं अडखळेल ती ओळ पेन्सिलनं वहीत लिहून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सरांना सगळा प्रोग्राम न दाखवता तेवढी एक ओळ दाखवायची.